खुंट्यावरचा हात

लहानपणी जळोचीत मला एक नाव पडलं होतं, 'दळणवाली'. समोरून पोरं नुसती हसायची, पाठ फिरली की 'बायल्या' म्हणायची. कारण एवढंच, की आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे मी आजीसमोर एक पाय पसरून, एक दुमडून बसायचो आणि जात्याच्या खुंट्याला हात लावायचो. बहात्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडून फोडून आजीचा उजवा खांदा धरला होता, तो पुन्हा कधी सुटला नाही. खुंटा आपल्याकडे ओढणं तिला जमायचं, पुढं लोटणं जमायचं नाही. ते अर्धं वर्तुळ माझं.

तसं गावात गिरणी होती. पण लाइट गेली की गिरणी बंद, आणि लाइट सारखीच जायची. शिवाय तूर भरडायची, मेतकूट करायचं, हळद करायची, हे आजी गिरणीत द्यायची नाही. "गिरणीचं पीठ करपतं," म्हणायची. खरं कारण मला फार उशिरा कळलं. गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात गाता येत नाही.

एकदा भावकीतला एक थोरला माणूस चूळ भरत आमच्या दारात थांबला. "म्हातारे, पोराच्या हातात आता बांगड्याबी भर," म्हणाला. आजीनं जातं थांबवलं नाही. वैरण घातली, खुंटा ओढला आणि म्हणाली, "पंढरीचा इठ्ठल जनीसंगं दळीत हुता. त्येच्या हातात भरल्या का कुणी बांगड्या? आधी त्येला भरून या, मग माझ्या नातवाचं बघू."

तो माणूस माळकरी होता. काही न बोलता निघून गेला.

जनाबाईसमोर बसून खुंटा ओढणाऱ्या विठ्ठलाचं चित्र आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर होतं, तुमच्याही घरी कधी ना कधी असेल. सातशे वर्षांपूर्वीच्या एका दासीची ही गोष्ट. देव येतो, तिच्याबरोबर दळतो, कांडतो, शेण्या वेचतो, तिची वेणी घालतो. बायकांची म्हणून ठरवून दिलेली सगळी कामं पुरुषदेव करतो, आणि त्यात त्याचं देवपण कुठं कमी होत नाही. तुकोबांची पालखी दरवर्षी आमच्या बारामतीत मुक्कामाला येते. पुढं काटेवाडीला परीटमंडळी धोतराच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. गुडघे चालत होते तोवर आजी काटेवाडीपर्यंत चालत जायची. टाळ घेतलेली गडीमाणसं जनीचे अभंग तोंडपाठ म्हणत जातात. ती माणसं घरी परतल्यावर त्यांतल्या कुणाच्या हाताला पीठ लागलेलं मात्र मी पाहिलं नाही.

आमच्या तालुक्याचे दोन भाग, बागायत आणि जिरायत. शहाहत्तर-सत्याहत्तरच्या, म्हणजे 1876-77 च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी नीरा डावा कालवा काढला. 1885 च्या सुमारास त्याला पाणी आलं आणि पुढं उसानं तालुक्याचं रूप पालटलं. शाळेत आम्ही हे असंच शिकलो. आजी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची ते वेगळं. कालवा आला, ऊस आला, गुऱ्हाळं आली. गुऱ्हाळावर गडी आले, गड्यांना भाकरी आल्या, आणि भाकरीला दळण आलं. "पाणी पाटात आलं अन् बायांचा अंधार वाढला," असं तिची सासू म्हणायची म्हणे. अंधार म्हणजे पहाटेचा. आधी कोंबड्याबरोबर उठणाऱ्या बाया कोंबड्याच्या दोन तास आधी उठायला लागल्या. सिंचनाच्या इतिहासात हा हिशेब मला कुठं वाचायला मिळालेला नाही.

या दोन तासांतच जात्यावरची गाणी झाली.

ओवी आजी कशी म्हणायची ते सांगतो, कारण कागदावर ती समजत नाही. पहिली ओळ ओढीच्या वेळी, खालच्या सुरात. मग तीच ओळ पुन्हा, लोटताना, थोडी मोडून, मधे 'बाई' घालून. दुसरी ओळ यायला कधी कधी चार फेरे लागायचे. तेवढ्या वेळात तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसायचं. ती शब्द आठवत नसे, तिथल्या तिथं जुळवत असे. वैरणीची मूठ संपली की ओवी संपलीच पाहिजे, असा तिचा नियम. नवी मूठ, नवी ओवी. जातं तिच्यासाठी ताल होतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आडोसा होतं. दगडाच्या घरघरीत शब्द पलीकडच्या खोलीत अर्धेच पोचायचे. सासूला ऐकू जायला हवं तेवढं जायचं. नको तेव्हा आजी खुंटा जोरात ओढायची.

विषय माहेर, भाऊ, पंढरी आणि सीता. सीतेच्या ओव्यांत रामाची खैर नसायची. गरोदर बायकोला वनात सोडणाऱ्या रामाला देवळात दोन्ही हातांनी नमस्कार करणारी माझी आजी जात्यावर जे ऐकवायची, ते तिनं दिवसाउजेडी ओट्यावर म्हटलं असतं तर गावानं वाळीत टाकलं असतं. नवरा मात्र ओव्यांत फारसा यायचा नाही. मी एकदा विचारलं, "आजी, आजोबांवर एकबी ओवी न्हाई?" ती म्हणाली, "ते निजलेलं असायचं. कशाला उठवायचं?"

अशा ओव्या हजारो घरांत होत्या. त्या कला आहेत असं कुणाला वाटलं नव्हतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ हे पुण्यातलं जोडपं. गी मूळचे फ्रान्सचे, पुढं भारताचे नागरिक झाले. मुळशीच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेचं काम करताना ऐंशीच्या दशकात त्यांच्या लक्षात आलं, की सभेत तोंड न उघडणाऱ्या बाया जात्यावर सगळं बोलतात. मग त्यांनी गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांकरवी ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. नव्वदच्या दशकात संगीत-संशोधक बर्नार्ड बेल त्यांच्यासोबत आले आणि आवाजही टिपले जाऊ लागले. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांवर बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. 2004 साली गी गेले, 2010 साली हेमाताई. 2017 पासून तो ठेवा पी. साईनाथ यांच्या 'पारी' या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्यानं येत गेला, आवाजासकट.

त्या संग्रहातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट साधी आहे. ओवीखाली गाणारणीचं नाव आहे आणि गाव आहे. बारामतीच्या कऱ्हाकाठी कवी मोरोपंत राहिले, 1794 साली तिथंच वारले, बाबूजी नाइकांचा त्यांना आश्रय होता. त्यांची आर्या न् आर्या छापली गेली आणि शाळेत आम्ही ती घोकली. पंतांबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच कऱ्हेच्या पाण्यावर त्याच काळात ज्या बायका दळत होत्या, त्यांतल्या एकीचंही नाव आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या जूडी शिकागो या चित्रकर्तीनं 1979 मध्ये एक मोठं त्रिकोणी जेवणाचं टेबल मांडलं. इतिहासातल्या 39 बायकांची पानं त्यावर वाढलेली, आणि खालच्या फरशीवर आणखी 999 बायकांची नावं सोन्याच्या अक्षरांत. भरतकाम आणि चिनी मातीची रंगवलेली ताटं ही 'बायकी' कामं तिनं मुद्दाम वापरली. त्यावर पुष्कळ वादळ झालं. मी त्याचा फक्त फोटो पाहिला आहे, आणि पाहताना मला ओवीखालची ती नावंच आठवली. फरक इतकाच, की मुळशीच्या बाईला ही कलाकृती वगैरे आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला दळण सारायचं होतं.

आता एक जुनी गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय आजी पुरी होत नाही.

श्रावणी सोमवारी आमच्या पडवीत 'शिवलीलामृत' लागायचं. चुलता वाचायचा, बाया वाती वळत ऐकायच्या. ही पोथी श्रीधरस्वामी नाझरेकरांनी शके 1640 मध्ये बारामतीतच, काशीविश्वेश्वराच्या देवळात लिहिली, याचा आमच्याकडं सगळ्यांना भारी अभिमान. तिच्यात सीमंतिनी राणीची कथा आहे. ही राणी सोमवारी दांपत्यांची पूजा करून त्यांना भरपूर दान देई. दोन गरीब ब्राह्मणकुमारांना विदर्भाचा राजा गमतीनं सांगतो, तुमच्यातल्या एकानं बाई व्हा, जोडपं म्हणून जा, पैसे आणा. एक जण लुगडं नेसतो. राणीला सोंग कळतं, ती हसते. पण समोर आलेल्या जोडप्यात तिनं शिव-पार्वतीच पाहिलेली असते, त्या भावानंच ती पूजा करते. परतीच्या वाटेवर तो मुलगा खरोखरची बाई होतो. मग रडारड, राजाचं अनुष्ठान, देवी प्रसन्न. पण देवी सांगते, माझ्या भक्तिणीनं जे केलं ते मला बदलता येणार नाही. तो तरुण बाईच राहतो, आणि दोघांचं लग्न लागतं.

लोक हे ऐकून सीमंतिनीच्या पुण्याईला हात जोडायचे. आजी वेगळ्याच जागी अडायची. वात वळता वळता म्हणायची, "बघा की. बाईनं एकदा मनात धरलं, तर देवालाबी मोडता येईना." आणि मग माझ्याकडं बघून, खालच्या आवाजात, "अन् बाई झाला म्हून त्यो मेला न्हाई. संसार केला त्येनं."

पोथीकारानं हे सांगायला ती कथा लिहिली नसेल. माहात्म्यच सांगायचं होतं त्याला. पण पोथी ऐकणाऱ्यांच्या मालकीची असते, आणि पडवीतल्या बायकांनी ती स्वतःला हवी तशी ऐकली. स्त्री-पुरुष हे लुगड्या-धोतराइतकंच आहे का, असला प्रश्न अडीच-तीनशे वर्षं आमच्या गावच्या श्रावणात दर सोमवारी वाती वळत बसलेला आहे, आणि त्याला कुणी काही नाव दिलेलं नाही.

एवढं सांगून मी आजीला क्रांतिकारक ठरवायला निघालो असं वाटेल. तसं नाही. माझ्या भाकरीवर तूप पडायचं, ताईच्या भाकरीवर पडायचं नाही. तूप वाढणारा हात आजीचाच होता. तिच्या ओव्यांत लेकीच्या जन्माचं दुःख होतं, तसं ल्योक व्हावा हे मागणंही होतं. हा लेख लिहितोय म्हटल्यावर ताई फोनवर म्हणाली, "तू दळलास तर तुला नाव पडलं, त्या नावाची आता गोष्ट झाली. मी सहाव्या वर्षापासून भांडी घासली, मला कुणी साधं चिडवलंसुद्धा नाही." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

आईची गोष्ट वेगळी. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ती मला घेऊन मामाकडं पुण्याला गेली होती. तिथल्या एका मैदानात आम्ही 'मुलगी झाली हो' पाहिलं. मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेचं हे नाटक 1983 मध्ये आलं. लिहिणाऱ्या ज्योती म्हापसेकर पेशानं ग्रंथपाल. मुलगी जन्माला आल्यापासून तिच्या वाट्याला जे जे येतं, खाणं, शाळा, लग्न, हुंडा, ते गाण्यांतून, चेष्टेतून, नाचून सांगायचं. थिएटर नसलं तरी अडत नाही. चाळ, वस्ती, शाळेचं पटांगण, काहीही चालतं. पुढं त्याचे हजारो प्रयोग झाले, दुसऱ्या भाषांतही ते गेलं.

मला त्या संध्याकाळचं नाटक फार आठवत नाही. आई आठवते. आधी ती पदर तोंडाला लावून हसली. मग पदर खाली आला, मोठ्यानं हसली. शेजारच्या अनोळखी बाईच्या मांडीवर थाप मारली. आणि मग एकदम गप्प झाली, ती मामाचं घर येईस्तोवर. जळोचीला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी ताईच्या भाकरीवर तूप पडलं. आजीनं पाहिलं. दोघींत आठ दिवस बोलणं नव्हतं. माझ्या आठवणीत त्या नाटकाचा परिणाम हा एवढाच, चमचाभर. पण तो त्या दिवसापासून रोज पडत गेला.

मला वाटतं, ओवी आणि हे नाटक यांत आशयाचं अंतर फार नव्हतं. लेकीचं दुःख दोन्हीकडं तेच, सासर तेच. ओवी अंधारात, दगडाच्या आवाजाआड म्हटलेली. नाटक उजेडात, समोर पुरुष बसलेले असताना. आजीला तो उजेड सोसायचा नाही. "आपलं आपल्यात म्हनावं, चव्हाट्यावर काय," हे तिचं मत. तिच्यापुरतं खरंच होतं. चव्हाट्यावर म्हणणाऱ्या बाईचं काय होतं हे तिनं तमाशाच्या फडात पाहिलं होतं. लोक टाळ्या वाजवायचे, आणि तिला घरात घ्यायचे नाहीत.

आता 2001, माझं लग्न. आमच्याकडं लग्नाआधी घाणा भरतात. जातं धुवून, हळदीकुंकू लावून, खुंट्याला आंब्याची पानं बांधून पाच सवाष्णी हळद दळतात, आणि दळताना ओव्या म्हणतात. आजोबा जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. म्हणजे गावातली सगळ्यात चांगली गाणारी बाई त्या जात्याजवळ येऊ शकत नव्हती. ती माजघरात दाराआड, भिंतीला टेकून बसली. बाहेर पाच जणी नव्या लुगड्यांत, खुंटा धरलेला, आणि पहिल्या ओळीपुढं कुणालाच काही येईना. हशा झाला. कुणीतरी म्हणालं, कॅसेट लावा.

तेव्हा आतून आजीनं पहिली ओवी टाकली. दारामागून. बायांनी ओळ उचलली, जातं फिरलं. दुसरी ओवीही आतूनच. जिचा हात अपशकुनी, तिचा आवाज चालत होता. मी मुंडावळ्या बांधायच्या तयारीत ओट्यावर बसून हे बघत होतो. लहानपणभर तिच्यासमोर खुंटा धरलेला माणूस मी, आणि माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. थोरली माणसं बसली होती. लग्नात विघ्न नको. ही कारणं तेव्हा मला पुरेशी वाटली.

उठली ती आई. जिच्याशी आजीचं उभ्या जन्मात पटलं नाही, ती सून. आत गेली आणि म्हणाली, "आत्याबाई, उठा. तुमचं जातं हाय." आजी म्हणाली, "येडी का खुळी गं तू?" आईनं तिचा दंड धरला, बाहेर आणली, जात्याशी बसवली, स्वतः समोर बसली आणि आजीचा हात खुंट्यावर ठेवून वर आपला हात ठेवला. पडवीत कुणी हललं नाही. चूळ भरत थांबणारा तो थोरला माणूसही तिथंच होता, आता बराच म्हातारा. आजीनं त्याच्याकडं पाहिलं, आणि वैरण घातली.

त्यानंतर जे गायलं गेलं ते मला नीट आठवत नाही, आणि रेकॉर्ड करावं हे कुणाला सुचलं नाही. व्हिडिओवाला होता. तो तेव्हा जेवायला गेला होता.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पाठोपाठ राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. बातमी वाचून दाखवली तेव्हा आई म्हणाली, "एकवीस वर्सं लागली व्हय सरकारला?"

जळोची आता बारामती नगरपरिषदेत आहे. आमच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी बिल्डिंग झाली, गिरणीच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. गेल्या वर्षी पुतणीचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी इव्हेंटवाल्यांनी सोनेरी रंगाचं, झेंडूनं मढवलेलं जातं आणलं. आईनं खुंटा धरला. ती आता विधवा आहे. तिनं कुणाला विचारलं नाही, कुणी तिला अडवलंही नाही. पण जातं फिरेना. ते प्लास्टरचं होतं, फोटोपुरतं. मग मी आणि भावानं परसातलं आजीचं जातं उचलून आणलं, धुतलं आणि मांडलं. आई एका बाजूला बसली, दुसऱ्या बाजूला मी. दगडाला टाकी लावून कित्येक वर्षं झाली होती, आणि टाकीवाला आता कुठं शोधूनही मिळत नाही. हळद जाडसर निघाली. तशीच लावली.